ब्रिटनमध्ये पहिली जुनी गाडी: दुसऱ्या पिढीच्या होंडा जॅझचे परीक्षण

होंडा जॅझ हे नाव मराठी वाचकांना नवे नाही. 2009 साली ती भारतात आली तेव्हा तिच्या ऐसपैस जागेचे कौतुक झाले, पण एका हॅचबॅकसाठी सात लाखांच्या घरातली किंमत मोजायला फारसे गिऱ्हाईक तयार झाले नाही आणि 2013 मध्ये ती बाजारातून गेली. पुढची पिढी 2015 मध्ये पुन्हा आली, ती गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये मात्र हीच दुसऱ्या पिढीची जॅझ 2008 ते 2015 या काळात चांगली खपली, त्यांतल्या कित्येक गाड्या इंग्लंडमधील स्विंडनच्या होंडा कारखान्यात तयार झाल्या, आणि त्या आज साधारण चार-पाच हजार पौंडांत मिळतात. नोकरीनिमित्त नुकत्याच येथे आलेल्या, बचत बेताची असलेल्या आणि पहाटेच्या पाळीला बस नसल्यामुळे गाडी घेणे भाग पडलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून हे परीक्षण लिहिले आहे. माझी गाडी 1.4 लिटर पेट्रोल इंजिनाची, मॅन्युअल गिअरची असून 58,000 मैल चाललेली असताना ती मी 4,300 पौंडांना घेतली. माझे मत आधीच सांगतो: चालवायला ही गाडी ठीकठाक आहे, पण परक्या देशात जुनी म्हणून विकत घ्यायला तिच्याइतकी निर्धोक गाडी क्वचितच सापडेल, कारण तिचा इतिहास बहुधा कागदावर स्वच्छ वाचता येतो.

येथील नंबरप्लेटवर मधले दोन आकडे गाडीचे वय सांगतात. मार्च ते ऑगस्टमध्ये नोंदलेल्या गाडीला त्या वर्षाचे शेवटचे दोन आकडे मिळतात आणि सप्टेंबर ते फेब्रुवारीमधील गाडीला त्यांत 50 मिळवून येणारी संख्या मिळते; म्हणजे '13' ही मार्च ते ऑगस्ट 2013 मधली आणि '63' ही सप्टेंबर 2013 ते फेब्रुवारी 2014 मधली. माझी गाडी '13' ची आहे. या वयाच्या जॅझला येथील तरुण मंडळी पेन्शनरांची गाडी म्हणून हसतात, आणि खरेदीदाराचा फायदा नेमका त्यातच आहे. निवृत्त जोडप्याने नवी घेतलेली, वर्षाकाठी चार-पाच हजार मैल चालवलेली, दरवर्षी त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन पुस्तिकेवर शिक्का मारून आणलेली अशी गाडी जॅझमध्ये जितकी सहज मिळते तितकी फोर्ड फिएस्टा किंवा व्हॉक्सहॉल कोर्सा अशा लहान गाड्यांमध्ये मिळत नाही. या लौकिकाची किंमतही मोजावी लागते, त्याच वयाची कोर्सा बरीच स्वस्त पडते. पण नवख्याने तो फरक द्यावा, असे मी म्हणेन.

आता एमओटीविषयी, कारण या संपूर्ण व्यवहारात मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली वस्तू गाडी नसून तिची ही नोंद होती. तीन वर्षांहून जुन्या गाडीची (नॉर्दर्न आयर्लंडमध्ये चार वर्षांहून जुन्या) दरवर्षी एमओटी तपासणी करावी लागते. आपल्याकडच्या पीयूसीसारखा हा प्रकार नाही. यात ब्रेक, टायर, स्टिअरिंग, सस्पेन्शन, दिवे, गंज आणि धूर या सर्वांची तपासणी होते आणि तिचे शुल्क 54.85 पौंडांपेक्षा जास्त घेता येत नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील कोणत्याही गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला, की 2005 पासूनच्या तिच्या तपासण्या, प्रत्येक वेळचे मैल, नापास झाल्याची कारणे आणि पास करतानाही दिलेल्या सूचना फुकट वाचायला मिळतात. गाडी पाहायला जाण्याचीही गरज नाही. जाहिरातीतल्या फोटोत नंबर दिसला की घरबसल्या अर्ध्या गाड्या बाद करता येतात.

ही नोंद वाचायची कशी, हे माझ्या गाडीवरून सांगतो. 2016 पासून मैलांचा आकडा दरवर्षी सारख्या पायऱ्यांनी चढत गेला होता. 2020 मध्ये तपासणीची तारीख उन्हाळ्यावरून हिवाळ्यावर गेलेली दिसते, परंतु त्यात संशयास्पद काही नाही, कारण करोनाच्या साथीमुळे सरकारने त्या वर्षी 30 मार्चपासून जुलैअखेरपर्यंत मुदत संपणाऱ्या गाड्यांना सहा महिन्यांची सवलत दिली होती. पुढे एका वर्षी 'समोरचा डावा टायर मर्यादेजवळ झिजलेला' अशी सूचना आहे (कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर खाच लागते) आणि त्याच्या पुढच्या वर्षी ती सूचना नाही, म्हणजे टायर बदलला गेला. एकदा गाडी समोरची कॉइल स्प्रिंग तुटल्यामुळे नापास झाली आणि दोन दिवसांत दुरुस्त होऊन पास झाली. येथील खड्डे पाहता स्प्रिंग तुटणे ही अगदी नेहमीची बाब आहे; आपल्याकडच्या रस्त्यांवरून आलेल्या माणसाला येथेही खड्डे आहेत याचे थोडे बरेच वाटते. मालक सूचना मनावर घेतो की नाही हे अशा दोन-तीन वर्षांच्या नोंदींतून कळते, आणि तेवढे मला पुरेसे होते.

याउलट, एका विक्रेत्याची 'नवी कोरी एमओटी' अशी मोठ्या अक्षरांत जाहिरात केलेली गाडी मी पाहायलाही गेलो नाही. आदल्या वर्षी तिच्यावर ब्रेकच्या नळ्यांना गंज, मागच्या डिस्क खराब, सस्पेन्शनचे बुश सैल अशा सूचनांची रांग होती आणि या वर्षी एकही नव्हती. फोनवर कामाची बिले मागितली तेव्हा ती नसल्याचे उत्तर मिळाले. इतकी कामे खरोखर केली असती तर त्यांचा खर्च विक्रेत्याने आधी सांगितला असता. हिवाळ्यात येथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे 'गंज' हा शब्द नोंदीत कोठे येतो याकडे विशेष लक्ष द्यावे: ब्रेकच्या डिस्कवर असला तर तो थोडे चालणाऱ्या गाडीचा लहान खर्च आहे, पण चासीच्या किंवा सस्पेन्शनच्या जोडाशी असला तर ती गाडी सोडून द्यावी.

एमओटीच्या कक्षेत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची स्थिती येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गाडीवर कर्ज थकलेले आहे का, हेही त्यात नसते, आणि भारतातून आलेला माणूस येथेच फसण्याचा संभव अधिक. आपल्या आरसीवर मालकाचे नाव असते आणि कर्ज असेल तर बँकेच्या हायपोथिकेशनची नोंदही असते. येथील व्ही-फाइव्ह-सी हे नोंदणीपत्र दिसायला तसेच असले तरी ते मालकीचा पुरावा नाही, असे त्यावरच छापलेले असते. त्यावर फक्त गाडी सांभाळणाऱ्याचे नाव असते आणि कर्जाचा उल्लेख कोठेही नसतो. त्यासाठी दहा-वीस पौंड देऊन खासगी कंपनीकडून इतिहास तपासून घ्यावा लागतो, ज्यात थकलेले कर्ज, चोरीची नोंद आणि विमा कंपनीने गाडी निकालात काढल्याची नोंद मिळते. 2017 च्या ऑक्टोबरपासून अशा गाड्यांपैकी दुरुस्तीयोग्य गाड्यांना 'एस' म्हणजे सांगाड्याला इजा झालेली आणि 'एन' म्हणजे सांगाड्याला इजा न झालेली असे वर्ग आहेत. 'ए' आणि 'बी' वर्गातली गाडी पुन्हा रस्त्यावर येऊच शकत नाही. स्वस्त जॅझ दिसली तर ती बहुधा 'एस' किंवा 'एन' निघते. काचेच्या खालच्या कोपऱ्यातला चासी नंबर नोंदणीपत्राशी स्वतः ताडून पाहावा, त्याला पैसे पडत नाहीत.

विक्रेता दुकानदार असावा की घरगुती मालक? मी दुकानदाराकडून घेतली आणि जाहिरातीत नसलेले 'प्रशासकीय शुल्क' शेवटच्या क्षणी पुढे आले तेव्हा मला उठून निघण्याची तयारी दाखवावी लागली. ते शुल्क मग निघाले. तरीही नवख्याला मी दुकानच सुचवेन, कारण 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार दुकानदाराने विकलेल्या गाडीत मुळातच दोष निघाला तर 30 दिवसांच्या आत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात, आणि त्यानंतर, खरेदीपासून सहा महिन्यांपर्यंत, दोष आधीपासून नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी दुकानदारावर असते. वय आणि मैल यांना साजेशी झीज अर्थातच दोष ठरत नाही. 'आहे तशी विकली' असे पावतीवर लिहिल्याने दुकानदाराची यातून सुटका होत नाही. घरगुती विक्रेत्याकडून घेतल्यास हे संरक्षण जवळजवळ नसते, आणि कित्येक लहान व्यापारी घरगुती मालक असल्याची बतावणी करतात ते याच कारणाने. 'तुमच्या गाडीसंबंधी फोन केला' एवढेच म्हणावे आणि पलीकडून 'कोणती गाडी?' असा प्रश्न आला तर समजून घ्यावे. किमतीचा थोडा भाग, शंभर पौंडांहून अधिक किमतीच्या वस्तूवर, क्रेडिट कार्डाने भरला तर कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार राहते, ही आणखी एक सोय वापरण्याजोगी आहे.

जॅझ प्रत्यक्ष पाहताना डिकीपासून सुरुवात करावी. डिकीचा गालिचा आणि त्याखालचे झाकण उचलून चाकाच्या खोलगट जागेत हात फिरवावा, कारण तेथे पाणी साचणे ही जॅझची जुनी खोड आहे. ओल, कुबट वास किंवा गंजाचे डाग असतील तर छताच्या सांध्यातून किंवा मागच्या दिव्याच्या कडेने पाणी शिरत असते. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे. टॅपेटची (इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागांची) टिकटिक ऐकू आली तर घाबरण्याचे कारण नाही, कारण या इंजिनात ते वेळोवेळी जुळवून घ्यावे लागतात, मात्र ते काम झाल्याची पावती असेल तर उत्तम. टायमिंग बेल्टऐवजी चेन असल्यामुळे बेल्ट बदलण्याचा एक मोठा खर्च टळतो. ऑटोमॅटिक हवी असणाऱ्यांनी आरंभीच्या वर्षांतली आय-शिफ्ट (मॅन्युअल गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा) टाळावी. 2011 च्या बदलानंतर आलेली सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) तिच्यापेक्षा पुष्कळ चांगली आहे, पण तिचे तेल बदललेले असले पाहिजे.

विमा हा नवख्याचा खरा घाव. पहिल्या वर्षी माझा विमा गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गेला, आणि भारतातली दावा न केल्याची वर्षे (नो-क्लेम बोनस) बहुतेक कंपन्या धरत नाहीत. म्हणून गाडी ठरवण्यापूर्वी तिचा नंबर टाकून विम्याचा आकडा पाहावा, 1.2 आणि 1.4 यांत फरक पडतो. आपल्याकडे विकलेल्या गाडीबरोबर तृतीय पक्षाचा विमा खरेदीदाराकडे येतो आणि खासगी गाडीचा एकरकमी रस्ता करही गाडीबरोबरच राहतो. येथे दोन्ही गोष्टी विक्रीबरोबर संपतात. 2014 च्या ऑक्टोबरपासून कर नव्या मालकाकडे जात नाही, त्यामुळे चावी हातात घेण्यापूर्वी फोनवरूनच विमा आणि कर दोन्ही भरून मगच गाडी हलवावी. विम्याविना पकडले गेल्यास 300 पौंड दंड आणि परवान्यावर 6 दंडगुण (पेनल्टी पॉइंट) लागतात आणि गाडी जप्तही होऊ शकते. 2017 च्या एप्रिलपूर्वी नोंदलेल्या गाड्यांचा कर धुरातील कार्बन डायऑक्साइडवर ठरतो, म्हणून जॅझचा कर त्यानंतरच्या गाड्यांना 2025-26 साठी लागू असलेल्या 195 पौंडांच्या सरसकट दरापेक्षा थोडा कमी बसतो. भारतीय परवान्यावर येथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. तो येथे बदलून मिळत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्याव्याच लागतात. प्रत्यक्ष परीक्षेची तारीख मिळायला महिने लागतात, तेव्हा शिकाऊ परवाना लवकर काढलेला बरा. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर पुढे मॅन्युअल चालवता येत नाही, हेही गाडी निवडतानाच लक्षात घ्यावे.

वापरात गाडी कशी आहे? शहरात उत्तम. स्टिअरिंग हलके आहे, पुढच्या खांबाजवळच्या लहान काचांमुळे चौफेर दिसते, आणि पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असल्यामुळे मागच्या सीटची बैठक वर उचलून तेथे उंच वस्तू उभी ठेवता येते. आमच्या मंडळाच्या गणपतीच्या मखराचे खांब अशाच प्रकारे हॉलपर्यंत नेले. त्याच वेळी दुसऱ्या एका सभासदाच्या मोठ्या गाडीत ते आडवेही मावत नव्हते. मोटारवेवर मात्र टायरचा आवाज त्रासदायक होतो, सस्पेन्शन कडक आहे आणि चढावर सामान भरलेले असल्यास खालचा गिअर टाकून इंजिन रेटावे लागते. रोज साठ-सत्तर मैल मोटारवेने जाणाऱ्याने हिच्याऐवजी त्याच पैशात मोठ्या इंजिनाची, थोडी अधिक चाललेली फोर्ड फोकस पाहावी, पण पेट्रोलची. स्वस्त डिझेलचा मोह 2015 च्या सप्टेंबरपूर्वीच्या गाडीत तरी नको, कारण तशा बहुतेक गाड्यांना लंडनच्या युलेझमध्ये (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना शुल्क लावणाऱ्या क्षेत्रात) दिवसाला 12.50 पौंड भरावे लागतात आणि 29 ऑगस्ट 2023 पासून हे क्षेत्र लंडनच्या सर्व बरोंमध्ये (प्रशासकीय विभागांत) पसरलेले आहे. पेट्रोल जॅझला तो भुर्दंड नाही. हायब्रिड जॅझ घ्यायची असेल आणि गाडी रात्री रस्त्यावरच उभी राहणार असेल, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (गाडीखालचा, धूर शुद्ध करणारा भाग) चोरणाऱ्यांचे त्या गाडीवर विशेष लक्ष असते. कुलुपासारखी लोखंडी जाळी खालून बसवून घेण्याचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करावी.