ऐरोलीचे फ्लेमिंगो की वेळासची कासवं?

मुलांच्या परीक्षेआधी एकच सहल जमणार असेल, तर? ऐरोलीची बोट आम्हा ठाणेकरांना हाकेच्या अंतरावर. भरती-ओहोटीची वेळ पाहून जायचं. खाडीच्या चिखलात मान खाली, डोकं उलटं करून फ्लेमिंगो शेवाळ गाळून खातात. त्या शेवाळातूनच त्यांना गुलाबी रंग येतो. पण बोटीतूनच बघायचं, खाली पाय टाकणं नाही.

वेळास लांब, कोकणात मंडणगडच्या पुढे. मुक्काम हवाच, आणि पिल्लं निघतीलच असंही नाही. तरी माझं मत वेळासलाच. किनाऱ्यावर अंड्यांच्या खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलली की तळहातात मावेल एवढं ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाचं पिल्लू वल्ह्यांसारखे पाय मारत निघतं. लाट मागे ढकलते, ते पुन्हा निघतं. माझी लेक तेव्हा श्वास रोखून उभी होती.