खोट्या ध्वजाचे जहाज आणि बुडालेला पगार

मी ज्या जहाजावर सेकंड इंजिनियर म्हणून रुजू झालो, त्याची नोंदणी ज्या देशात असल्याचे करारपत्रात लिहिले होते, त्या देशाच्या दप्तरी ते जहाज मुळात नव्हतेच. हे आम्हाला कळले तेव्हा जहाज परक्या बंदरात अडकवलेले होते आणि कित्येक महिन्यांचा पगार थकला होता. समुद्रावर नोकरी शोधणाऱ्यांना हा प्रकार कसा चालतो ते ठाऊक असावे, म्हणून लिहीत आहे.

सोयीचा ध्वज लावणे, म्हणजे मालकाने आपल्या देशाऐवजी सोयीच्या दुसऱ्या देशात जहाजाची नोंदणी करणे, हा काही गुन्हा नाही. पनामा, लायबेरिया आणि मार्शल आयलंड्स यांची नोंदणी परदेशी मालकांना खुली आहे आणि जगातील व्यापारी जहाजांचा फार मोठा हिस्सा या तीन ध्वजांखाली चालतो. जहाज आणि ध्वजाचा देश यांच्यात ‘खरा संबंध’ असावा, असे १९८२ च्या सागरी कायदा कराराचे कलम ९१ म्हणते. पण तो संबंध कशाला म्हणायचे याची व्याख्या करारात नाही, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी १९८६ मध्ये झालेला करार अजून अमलातच आलेला नाही. अशा नोंदणीत खरा मालक पडद्याआड राहू शकतो, ही तक्रार रास्तच आहे. तरीही तेथे दाद मागायला एक सरकार असते. आमच्या वाट्याला तेवढेही आले नाही, कारण आमचे प्रमाणपत्र त्या देशाच्या नावाने बनावट नोंदणी कार्यालय थाटून बसलेल्या लोकांनी विकलेले होते. काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक आणि मायक्रोनेशिया या देशांच्या नावांचाही असा गैरवापर झाल्याचे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे आलेले आहे.

बंदरातील निरीक्षकाने सर्वप्रथम कंटिन्युअस सिनॉप्सिस रेकॉर्ड मागितले. जहाजाची आजवरची नावे, ध्वज आणि मालक यांची ही सलग नोंद असते. ध्वज बदलला तरी नव्या देशाने पुढचाच क्रमांक घालायचा असतो. आमच्या फायलीत जुन्या ध्वजाचा कागद क्रमांक ४ चा होता आणि नव्या ध्वजाचा कागद पुन्हा क्रमांक १ पासून सुरू झाला होता. निरीक्षकाने दोन्ही कागद कप्तानाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि काही न बोलता त्या आकड्यांवर पेन टेकवले. पुढे संबंधित सरकारचे उत्तर आले, की हे जहाज आमचे नाही.

त्यानंतर सगळेच कोसळले. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार दोन महिने पगार मिळाला नाही तर खलाशांना वाऱ्यावर सोडले असे मानले जाते आणि चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार, अन्नपाणी व घरी परतण्याचा खर्च विम्यातून मिळतो. त्या विम्याचे प्रमाणपत्र आमच्या मेसमध्ये लावलेले होते, मात्र विमा कंपनीने आपण ते दिलेच नसल्याचे कळवले. मालक कंपनीचा पत्ता निव्वळ टपालपेटीचा निघाला. भरती करणाऱ्या दलालाने आमच्याकडून ‘सेवाशुल्क’ घेतले होते. नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्यास हाच करार मनाई करतो, त्यामुळे अशी मागणी झाली तर तेथूनच परत फिरावे.

आम्हाला थोडेफार मिळाले ते एका जुन्या तत्त्वामुळे. खलाशाच्या पगाराचा बोजा मालकावर नव्हे तर प्रत्यक्ष जहाजावर चढतो आणि तो बँकेच्या गहाणाच्याही आधी फेडावा लागतो. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या निरीक्षकाच्या मदतीने आम्ही न्यायालयात गेलो, जहाज जप्त होऊन लिलावात निघाले, पण ते इतके जुने होते की बंदराची देणी आणि न्यायालयाचा खर्च वजा जाता आमचा पगार पुरता फिटला नाही. काही सहकाऱ्यांच्या घरी तोवर कर्ज झाले होते, त्याची भरपाई कोणी करणार नाही.

नोकरीच्या करारावर सही करण्यापूर्वी जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या (आयएमओ) नावाने ओळखला जाणारा ओळख क्रमांक, मागून घ्या. तो देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडे जाऊ नका. नाव आणि ध्वज बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही. सागरी संघटनेच्या जीसिस या माहितीकोशात तो विनामूल्य तपासता येतो आणि ध्वज खोटा असल्याचे उघड झालेले असेल तर तशी नोंदही तेथे दिसते. शंका राहिल्यास त्या देशाच्या सागरी प्रशासनाला थेट पत्र लिहा, मात्र पत्ता जीसिसमधूनच घ्या. आमच्या प्रमाणपत्रावर छापलेल्या ईमेलवर विचारणा केली असती, तर सर्व काही ठीक असल्याचे उत्तर त्याच भामट्यांनी पाठवले असते.