स्पीडुइनो ०.४ : क्रँक-कॅमची जोडणी आणि आपली खारी हवा

स्पीडुइनो म्हणजे इंजिनाचं इंधन आणि स्पार्कचं टायमिंग सांभाळणारं कंट्रोल बोर्ड. कार्ब्युरेटरची जुनी जिप्सी इंजेक्शनवर नेणाऱ्याला हे बोर्ड परवडतं. अर्दुइनो मेगा २५६० या तयार मायक्रोकंट्रोलर बोर्डावर चालतं, त्यामुळे मेगा गेलाच तर तेवढाच काढून नवा लावता येतो. इंधन-टायमिंगच्या कामात पास. मार्क कापावे लागतात ते सेन्सर जोडणीत.

क्रँकच्या पुलीवर ३६-१ दात्यांचं चाक (३६ पैकी एक दाता मुद्दाम गाळलेलं) आणि दोन वायरींचा व्हीआर, म्हणजे चुंबक-कॉइलचा सेन्सर घेणार असाल, तर बोर्डावरच्या सॉकेटात कंडिशनर (सेन्सरच्या लहरींचे स्वच्छ पल्स करणारं सर्किट) लागतोच. मॅक्स ९९२६ चिपचा चांगला चालतो. मागवतानाच विचारून घ्या, नाहीतर गाडी खोलून कुरिअरची वाट बघत बसाल. सेन्सर आणि दात्यातलं अंतर १ मिमीच्या आसपास ठेवा. जास्त झालं की स्टार्टरच्या मंद वेगात सिग्नल इतका क्षीण येतो की बोर्डाला दाते दिसतच नाहीत.

वायरी पिळलेल्या आणि शील्डमधल्या हव्यात. शील्डला अर्थ बोर्डाच्या टोकालाच द्या. दोन्हीकडे दिला तर शील्डमधून करंट फिरतो आणि स्पार्कचा कचरा सिग्नलमध्ये शिरतो. शील्डेड केबल जवळ मिळाली नाही तर साउंडवाल्यांकडची दोन कोअरची माईकची केबल चालते, फक्त इंजिनाजवळ तिच्यावर उष्णतारोधक स्लीव्ह चढवा.

व्हीआर सेन्सरच्या दोन वायरींची पोलॅरिटी उलटी लागली तरी इंजिन बऱ्याचदा सुरू होतं. वाईट तेच! वेग वाढला की टायमिंग सरकतं, सिंक (क्रँक नेमका कुठे आहे याचा बोर्डाचा हिशोब) तुटतं, मिसिंग लागतं आणि कॉइल बदलण्यात पैसे जातात. टायमिंग १० अंशांवर फिक्स करून पुलीवरच्या खुणेवर टायमिंग लाइट मारा. आरपीएम वाढवल्यावर खूण स्पष्ट सरकली तर आधी या दोन वायरींची अदलाबदल करून बघा.

वेस्टेड स्पार्क (दोन सिलिंडरना एकदम ठिणगी) आणि बॅच इंजेक्शनला (इंजेक्टर गटाने उघडणं) कॅम सेन्सर लागत नाही. सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीने इंधन) हवं असेल तरच कॅमवर तीन वायरींचा हॉल सेन्सर बसवा, कॅमचा जंपर व्हीआरवरून हॉलवर न्या आणि पुल-अप (सिग्नलची वायर ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) चालू करा. ओपन कलेक्टर, म्हणजे सिग्नल फक्त खाली ओढू शकणाऱ्या सेन्सरला हा पुल-अप नसेल तर सिग्नल वर उठतच नाही. सेन्सर स्वतः १२ व्होल्ट बाहेर टाकणारा असेल तर मात्र थेट जोडू नका, मेगाची पिन ५ व्होल्टची आहे. सेन्सरचा अर्थ इंजिनाच्या ब्लॉकवरून घेऊ नका, बोर्डाच्या सेन्सर अर्थवर आणा.

किनाऱ्यावरच्या गाडीसाठी मोठी अडचण म्हणजे बोर्डाचा ४० पिनांचा कनेक्टर. त्याला सील नाही. मालवण-देवगडच्या हवेत बॉनेटखाली ठेवलात तर तांब्यावर हिरवं चढायला वेळ लागणार नाही. बोर्ड डॅशबोर्डखाली, बंद डब्यात बसवा. सेन्सरकडे रबर सीलचे कपलर आणि टिन चढवलेली वायर वापरा. कपलरच्या अलीकडे वायरीला खाली झोल दिला की पावसाचं पाणी तिथूनच गळून जातं.