६० खणांची जुनी जेबॉड पेटी: दीड वर्षाच्या वापरानंतर

सर्वेक्षणाच्या कामातून येणारी छायाचित्रे आणि लेझर स्कॅनच्या फाइली आमच्या कंपनीत जुन्या होतात, पण टाकाऊ होत नाहीत; चार वर्षांपूर्वी संपलेल्या प्रकल्पाची मोजणी ग्राहक कधी मागेल याचा नेम नसतो. आधीचे स्टोरेज भरत आले तेव्हा प्रत्यक्ष वापरता येईल अशी साधारण ४०० टेराबाइट जागा कमीत कमी खर्चात शोधण्याचे काम माझ्याकडे आले. आम्ही शेवटी घेतले ते असे: एका डेटा सेंटरमधून निघालेली, वरून डिस्क बसवायची ६० खणांची जेबॉड पेटी, तिला सॅस (सर्व्हरला डिस्क जोडण्याची एक पद्धत) केबलने जोडलेला एक साधा सर्व्हर, १८ टेराबाइटच्या ४२ नव्या डिस्क आणि त्यांवर ओपनझेडएफएस, म्हणजे डिस्कचे गट करून डेटा सांभाळणारे सॉफ्टवेअर (पुढे नुसते झेडएफएस). हे परीक्षण या सगळ्या जुळणीचे आहे.

जेबॉड ही स्वतःची बुद्धी नसलेली पेटी असते. तिच्यात डिस्कचे खण, त्यांना जोडणारे एक्स्पांडर, पॉवर सप्लाय आणि पंखे एवढेच असते. डिस्कचे गट कसे करायचे, बिघाड कसा सावरायचा, हे सगळे सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर ठरवते. स्वस्ताईचे मूळ इथेच आहे आणि माझ्या मते टिकाऊपणाचेही. सर्व्हर उद्या बंद पडला तर केबल दुसऱ्या सर्व्हरला लावून सगळा साठा तिथे उघडता येतो. आमच्या आधीच्या बंदिस्त स्टोरेजमध्ये हे शक्य नव्हते: त्याचा कंट्रोलर गेला तेव्हा तोच कंट्रोलर मिळेपर्यंत डिस्क धडधाकट असूनही डेटा अडकून पडला होता, आणि त्याला त्याच कंपनीने शिक्का मारलेली डिस्कच चालत असे, तीही बाजारातल्या तशाच डिस्कच्या कितीतरी पट किमतीला.

क्लाउडचा विचार आम्ही मनापासून केला. ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हसारख्या सेवेत ठेवणावळ खरोखर कमी असते. पण तिथे ठेवलेली वस्तू किमान १८० दिवसांच्या भाड्याने बांधली जाते, नेहमीच्या मार्गाने परत मागवली तर १२ तासांपर्यंत आणि घाऊक मार्गाने ४८ तासांपर्यंत थांबावे लागते, आणि बाहेर काढलेल्या डेटाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. आमचा डेटा क्वचित मागितला जातो, पण मागितला की एकदम २०–३० टेराबाइट मागितला जातो. अशा वापराचे बिल आधी सांगता येत नाही, आणि हिशेब विभागाला न सांगता येणारे बिल हे महाग बिलापेक्षाही अवघड जाते. अनेक सर्व्हरवर डेटा वाटून ठेवणारे सेफ (Ceph) हे सॉफ्टवेअर उत्तम आहे, परंतु त्याला निदान तीन-चार सर्व्हर, त्यांच्यामधले वेगवान नेटवर्क आणि ते सगळे समजणारा माणूस लागतो; आमच्याकडे असा माणूस मी एकटा, आणि मलाही सुट्टी लागते.

किमतीची तुलना करताना बहुतेक जण डिस्कच्या खोक्यावरचा आकडा धरतात आणि तिथेच फसतात. आमच्या ४२ पैकी २ डिस्क राखीव आहेत. उरलेल्या ४० चे १०-१० चे चार गट केले असून प्रत्येक गट रेड-झेड २ पद्धतीचा आहे, म्हणजे गटातील कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत राहतो. खोक्यावरच्या हिशेबाने ४० डिस्कचे ७२० टेराबाइट होतात. गटागणिक दोन डिस्क सुरक्षेत गेल्यावर ५७६ उरतात. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४ च्या, म्हणून पडद्यावर साधारण ५२४ टेबिबाइट दिसतात. आणि साठा ८० टक्क्यांच्या पुढे भरू दिला की झेडएफएसला सलग मोकळी जागा सापडेनाशी होऊन लेखन मंदावते, म्हणून आम्ही ४१९ हीच कमाल धरली आहे. एकूण खर्चाला ७२० ने नव्हे, ४१९ ने भागावे. दोन विक्रेत्यांच्या दरपत्रकांना हा एकच नियम लावला तेव्हा त्यांचा क्रम उलटा झाला.

डिस्क घेताना एसएमआर आणि सीएमआर हा भेद पाहणे अत्यावश्यक आहे. एसएमआर डिस्कमध्ये चुंबकीय पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात; सीएमआरमध्ये ते सुटे असतात. चढवल्यामुळे जागा वाढते, पण मधला एखादा पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, आणि गटातील डिस्क बदलल्यावर होणारी भरणी, म्हणजे रीबिल्ड, असह्य रेंगाळते. हे तंत्र वापरले आहे की नाही हे डिस्कच्या माहितीपत्रिकेवर नेहमी लिहिलेले असतेच असे नाही. २०२० साली वेस्टर्न डिजिटलने रेड मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्कमध्ये ते असल्याचे गाजावाजा झाल्यानंतर मान्य केले होते. सॅटा (साध्या संगणकांतली डिस्क-जोडणी) की सॅस, या प्रश्नावर मात्र फार डोके शिणवू नये. सॅसच्या पेटीत सॅटा डिस्क चालते, उलटे चालत नाही. सॅस डिस्कला दोन वाटा असल्याने पेटीचा एक एक्स्पांडर गेला तरी ती दिसत राहते. आम्हाला दरात नगण्य फरक पडला, म्हणून सॅस घेतल्या.

वापरलेल्या डिस्कचाही प्रयोग केला, आणि तो पुन्हा करणार नाही. चाचणीसाठी घेतलेल्या आठ डिस्क एखाद्या मोठ्या स्टोरेजमधून काढलेल्या असाव्यात, कारण त्यांचे सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाइटचे होते आणि आमच्या सर्व्हरला त्या दिसत असूनही वापरता येत नव्हत्या. प्रत्येक डिस्क नव्याने फॉरमॅट करायला जवळजवळ एक दिवस गेला. त्यातल्या तिघींवर किती तास चालल्याचा आकडा शून्याजवळ होता आणि कनेक्टरवरचे ओरखडे मात्र वेगळेच सांगत होते. पेटी जुनी घ्यावी, डिस्क नव्या घ्याव्यात, असे माझे मत त्या आठवड्यात पक्के झाले.

जुन्या पेटीचीही किंमत मोजावी लागतेच. विक्रेत्याने ती रेलशिवाय, म्हणजे रॅकमध्ये बसवायच्या सरकत्या पट्ट्यांशिवाय, पाठवली, आणि त्या मॉडेलचे रेल मिळायला सहा आठवडे लागले. वरून उघडणाऱ्या पेट्या जवळजवळ मीटरभर खोल असतात. आमच्या रॅकचे मागचे दार लागेना, ते शेवटी काढूनच ठेवले. पेटी भरल्यावर नुसत्या डिस्कचेच वजन ३० किलोच्या आसपास होते, म्हणून ती रॅकमध्ये सर्वांत खाली आणि आधी रिकामीच बसवावी. चालू होताना प्रत्येक डिस्क क्षणभर २० वॅटच्या वर वीज ओढते. सगळ्या एकदम फिरू लागल्या तर भार हजार वॅटकडे जातो, म्हणून त्या टप्प्याटप्प्याने सुरू होतात ना, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. आवाजाबद्दल एवढेच सांगतो की शेजारच्या खोलीतील मंडळींनी आपली बैठकीची जागा बदलली.

आता बिघाडांविषयी. पत्रिकेवर २५ लाख तासांचा एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ, लिहिलेला असतो, त्यावरून वर्षाला ०.३५ टक्के डिस्क जातील असे निघते. बॅकब्लेझ ही कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कच्या बिघाडाचे आकडे जाहीर करते आणि तिचा २०२४ सालचा वार्षिक दर १.५७ टक्के होता. आमच्या दीड वर्षात ४२ पैकी २ गेल्या. एवढ्या थोड्या डिस्कवरून दर काढणे हास्यास्पद ठरेल; पण खरेदीच्या वेळी पत्रिका बाजूला ठेवून बॅकब्लेझचा आकडा धरला, हे बरे झाले.

पहिली डिस्क नवव्या महिन्यात गेली. राखीव डिस्कवर भरणी आपोआप सुरू झाली, आणि मी बाहेरगावी असल्याने मृत डिस्क काढण्याचे काम एका सहकाऱ्याला फोनवरून सांगितले: तेविसावी डिस्क काढा. सॉफ्टवेअर खण ० पासून मोजत होते आणि पेटीवरचे छापील आकडे १ पासून सुरू होत होते. त्यांनी चालू पेटी रॅकमधून पुढे ओढली, झाकण उघडले आणि अगदी बिनचूकपणे शेजारची, त्याच गटातील, धडधाकट डिस्क उपसली. पुढची दहा मिनिटे त्या गटात एकही डिस्क जादा नव्हती, आणि तरीही कोणाची एक फाइल अडली नाही. तीच डिस्क परत बसवल्यावर झेडएफएसने मधल्या काळात बदललेला तेवढाच भाग तिच्यावर लिहून घेतला. ते काम चार मिनिटांत आटोपले. राखीव डिस्कची पूर्ण भरणी मात्र ३१ तास चालली. एकाच डिस्कची सुरक्षा ठेवून जागा वाचवावी असा सल्ला मला दोघांनी दिला होता. त्या दोघांना मी हा प्रसंग सविस्तर सांगितला आहे. आता प्रत्येक डिस्कच्या माथ्यावर तिच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे चिकटवलेले आहेत आणि फोनवर खणाचा क्रमांक कोणी उच्चारत नाही.

दर महिन्याला होणाऱ्या स्क्रबने, म्हणजे सगळा साठा वाचून चेकसम (डेटा बदलला नाही ना हे ओळखण्याचा पडताळा-आकडा) पडताळण्याच्या कामाने, एकदा सहा डिस्कवर एकदम चुका दाखवल्या. एका डिस्कवर चुका आल्या तर डिस्कवर संशय घ्यावा, एका ओळीतल्या अनेकांवर आल्या तर केबलवर. बाहेरची सॅस केबल बदलली आणि चुका थांबल्या. डिस्कचे गट सांभाळणाऱ्या साध्या रेड (RAID) कार्डाने हा बिघडलेला डेटा कदाचित मुकाट्याने पुढे दिला असता.

वेगाबाबत तक्रार नाही, पण अपेक्षा योग्य हवी. मोठ्या फाइली १० गिगाबिटचे नेटवर्क भरून वाहतात. याउलट लाखो लहान प्रतिमा असलेला फोल्डर उघडायला सुरुवातीला कित्येक मिनिटे लागत, कारण चार गट म्हणजे अशा कामापुरत्या जेमतेम चार डिस्क. फाइलींची माहिती ठेवण्यासाठी तीन एसएसडींचा आरसा, म्हणजे तिन्हींवर तीच प्रत, जोडल्यावर हा त्रास गेला. मात्र ही माहिती नव्याने लिहिलेल्या फाइलींचीच तिथे जाते, जुन्या फाइली पुन्हा कॉपी कराव्या लागतात, आणि तो आरसा गेला तर सगळा साठाच जातो. डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन चालवायची असतील त्यांनी या जुळणीकडे वळूच नये.

दुसरी प्रत आम्ही एलटीओ-९ या चुंबकीय टेपवर ठेवतो, कारण चुकून पुसलेली फाइल कोणतीही रेड परत देत नाही. खोक्यावर ४५ टेराबाइट लिहिलेले असले तरी ते दाबून बसणाऱ्या डेटापुरते. आमची छायाचित्रे आधीच दाबलेली असल्याने एका टेपवर १८ टेराबाइटच मावतात आणि ती भरायला निदान साडेबारा तास लागतात. टेप ड्राइव्हची किंमत आमच्या मूळ अंदाजपत्रकात नव्हती. ती धरल्यावर एकूण खर्च बराच वाढला, तरी बंदिस्त स्टोरेजच्या दरपत्रकाच्या निम्म्यापुढे तो गेला नाही.

पेटीत अजून १८ खण रिकामे आहेत. पुढच्या तिमाहीत त्यांत १० डिस्कचा पाचवा गट बसेल, आणि या वेळी डिस्क दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून मागवल्या आहेत, कारण गेलेल्या दोन्ही डिस्क एकाच खोक्यातून आलेल्या होत्या. त्याच मॉडेलची आणखी एक रिकामी पेटी, या वेळी रेलसकट, सुट्या भागांसाठी घेऊन ठेवली आहे. तिचा एक पंखा आणि एक पॉवर सप्लाय आतापर्यंत कामी आला आहे.