घोडबंदर रोडची युरो-कॅन्सर ओपीडी: डॉक्टर पाच स्टार, काउंटर दीड

बाबांची लघवीची धार बारीक झालेली, मधेच रक्त. आधी ठाण्यातल्याच एका क्लिनिकमध्ये स्ट्रिक्चर म्हणजे लघवीची नळी आकसलीय म्हणून दोनदा नुसता रस्ता रुंद करून दिला, बायोप्सीचं नावच नाही, पाच महिने त्यातच गेले आणि तो राग अजून आहे.

इथे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी जांघेत हात लावून गाठी बघितल्या, मग दुर्बीण घालून तुकडा घेतला, एमआरआय केला. निघाला मूत्रमार्गाचा, म्हणजे लघवी बाहेर येते त्या नळीचा कॅन्सर, स्क्वॅमस टाईप (चपट्या पेशींचा). आम्ही प्रोस्टेट धरून चाललेलो! मूत्रसंस्थेच्या सगळ्या कॅन्सरमध्ये हा एक टक्क्याहून कमी, म्हणे. केसपेपरच्या पाठीवर पेनाने नळी काढून दाखवली, टोकाकडे असला तर बरा, आत मुळाशी असला तर अवघड, तिथे केमो, रेडिएशन, मोठं ऑपरेशन, कधी मूत्राशयही काढावं लागतं. बाबांचा टोकाकडचाच आणि गाठी क्लिअर, त्यामुळे तेवढाच भाग काढून भागलं. मी किती वर्षं असं विचारलं तर आकडा नाही फेकला, जागा, स्टेज आणि गाठी यावर सगळं अवलंबून एवढं सरळ सांगितलं, मला ते आवडलं.

बाकी बिलिंग काउंटर म्हणजे डोक्याला ताप, मेडिक्लेमच्या एका सहीसाठी तीन फेऱ्या. पार्किंग विसरा, रिक्षाने या. आणि युरोफ्लोसाठी, म्हणजे लघवीची धार मोजायच्या टेस्टसाठी, पाणी पिऊन नंबरची वाट बघत बसायचंय, बाबा शेवटी उभेच राहिले बिचारे.