सुरक्षारक्षकांच्या भरतीसाठी घेतलेली मानसशास्त्रीय चाचणी सेवा: अर्धी उपयोगी, अर्धी घातक

भोसरीतल्या आमच्या कारखान्यासाठी स्टोअरकीपर आणि सुरक्षारक्षक निवडताना मानसशास्त्रीय चाचण्यांचे काम आम्ही पुण्यातील एका खासगी संस्थेला दिले होते. व्यवस्थेबद्दल तक्रार नाही. प्रश्न मराठीत होते, चाचणी वेळेवर सुरू झाली आणि अहवालही लगेच मिळाला. आक्षेप आहे तो त्या अहवालातील एका शेऱ्याला, कारण तशा शेऱ्यावर माणसाची नोकरी जाते.

चाचण्यांच्या संचाचा पहिला भाग क्षमतेचा होता: आकडेमोड, आवक-जावक नोंदी ताडून पाहणे, सूचना वाचून कृतींचा क्रम लावणे. स्टोअरकीपरच्या कामाशी त्याचा थेट संबंध असल्याने तो आम्हाला उपयोगी पडला. अर्थात, त्याचेही वजन बेताचेच धरावे. १९९८ साली श्मिट आणि हंटर या संशोधकांनी बौद्धिक क्षमतेच्या चाचण्यांचा नोकरीतील कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.५१ इतका मांडला होता. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्यामागील सांख्यिकीय दुरुस्त्या तपासल्या, तेव्हा तो ०.३१ वर आला आणि सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून घेतलेली आखीव मुलाखत ०.४२ सह सर्वांत वर राहिली.

दुसरा भाग प्रामाणिकपणाचा, आणि खरी अडचण तिथेच आहे. 'मी आयुष्यात कधीही खोटे बोललेलो नाही' या विधानावर एका उमेदवाराने 'होय' अशी खूण केली होती. हा गृहस्थ अनेक वर्षे एका सोसायटीत रखवालदार होता. अहवालात त्याच्या नावापुढे लाल पट्टी आणि 'जोखीम: उच्च' असा शेरा आला. स्वतःची प्रतिमा उजळ करून सांगणारा ओळखण्यासाठी अशी विधाने घालतात, हे खरे. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिनेसोटा व्यक्तिमत्त्व चाचणीतही तशी मापनश्रेणी आहे; परंतु ती चाचणी मुळात मानसिक आजारांच्या निदानाला साहाय्य म्हणून रचली गेली आणि तिच्या गुणांचा अर्थ तज्ज्ञाने रुग्णाशी बोलून लावायचा असतो. नोकरीची निकड असलेला माणूस आपली चांगली बाजूच पुढे करणार. त्यावरून तो चोरी करील असे अनुमान काढणे अन्यायाचे आहे. आम्ही त्या सोसायटीत चौकशी केली, त्याच्याविषयी चांगलेच ऐकले आणि त्याला नेमले.

सुरक्षेच्या चाळणीत आणखी एक मूलभूत अडचण आहे: ज्याला शोधायचे तो फार विरळ असतो. पॉलिग्राफविषयी, म्हणजे खोटे पकडण्याच्या यंत्राविषयी, अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या अहवालात दिलेले उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत असे धरले आणि त्यांपैकी आठ सापडावेत इतकी चाचणी कडक ठेवली, तर सुमारे सोळाशे निरपराध माणसेही संशयित ठरतात. उलट, निरपराधांना वाचवण्यासाठी ती सैल केली, तर बहुतेक हेर निसटतात. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा अधिकारी एल्ड्रिच एम्स सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करत असतानाच तिच्या पॉलिग्राफ चाचण्या पार करून गेला होता. प्रश्नावलीच्या आधारे 'उच्च जोखीम' लिहिणाऱ्या संस्थेने हे गणित ग्राहकासमोर ठेवायलाच हवे.

आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेशासाठी होणाऱ्या सेवा निवड मंडळाच्या प्रक्रियेतही मानसशास्त्रीय चाचण्या आहेत, पण त्यांच्या जोडीला गटातील प्रत्यक्ष कामगिरी आणि मुलाखत असते, आणि तिन्ही परीक्षक एकत्र बसून निर्णय घेतात. तिथे नुसत्या मानसशास्त्रीय चाचणीच्या कागदावरून कोणाला बाद करत नाहीत.

या चाचणीची प्रमाणके, म्हणजे उमेदवाराचे गुण ज्यांच्याशी ताडायचे ती मापे, कोणत्या लोकांवरून काढली, त्यांत रखवालदारी करणारे, कमी शिकलेले किती होते, असे मी संस्थेला लेखी विचारले. उत्तरादाखल गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक आले. त्यात या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

क्षमतेच्या भागाला मी पाचपैकी चार गुण देईन, प्रामाणिकपणाच्या भागाला एक. पुढील भरतीसाठी आम्ही फक्त पहिला भाग घेणार आहोत. ज्यांना पूर्ण संच घ्यावाच लागतो, त्यांनी लाल शेरा आलेल्या उमेदवाराला बोलावून त्याचे म्हणणे ऐकावे आणि अहवालाची प्रत त्याच्या हाती द्यावी. संस्थेच्या करारात सध्या अशी तरतूद नाही. ती आग्रहाने घालून घ्यावी लागेल.