चांदोली की दाजीपूर? सोलापुरातून निघणाऱ्यांसाठी

परवा मावसभावाचा फोन आला. "दादा, दोन दिवस सुट्टी आहे, आई-बाबा आणि दोन्ही पोरं सोबत. चांदोली करू का दाजीपूर?" दोन्ही सह्याद्रीतली जंगलं. दिवाळी जवळ आली की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी आपलं नान्नजचं माळरानावरचं अभयारण्य डोक्यातून काढा. आपले डोळे माळाला सरावलेले. बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की काळवीट गाडीत बसल्या बसल्या दिसतात. लांबूनसुद्धा कळपातला काळाभोर नर ओळखू येतो. (ज्याच्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य केलं, तो माळढोक पक्षी मात्र दिसेल या आशेने जाऊ नका.) सह्याद्रीत सगळं उलटं. जनावर वीस पावलांवर उभं असतं आणि दिसत नाही. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, दाजीपूरला तीन हजारांच्या वर. झाडी तशीच असणार.

रस्ता मिरजेपर्यंत एकच: मंगळवेढा, सांगोला, मिरज. पुढे चांदोलीसाठी इस्लामपूर-शिराळा धरायचा आणि दाजीपूरसाठी कोल्हापूर, राधानगरी. कोल्हापूर आपल्यापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, तिथून दाजीपूर अजून ऐंशीच्या आसपास. पहाटे चारला निघून त्याच दिवशी सफारी गाठू म्हणणाऱ्यांनी हा बेत सोडून द्यावा. मी तसाच चांदोलीला गेलो होतो. आत शिरेपर्यंत अकरा वाजले, ऊन चढलं आणि दिवसभरात एक सांबर ओरडलेलं ऐकू आलं, तेवढंच. चूक माझीच. मुक्काम आदल्या रात्री जवळ हवा आणि सकाळची पहिली गाडी हवी.

चांदोली हे राष्ट्रीय उद्यान, 2004 मध्ये जाहीर झालेलं, सुमारे 318 चौरस किलोमीटरचं. 2010 मध्ये कोयना अभयारण्यासोबत ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. 'व्याघ्र' शब्द वाचून पोरांना वाघाचं आश्वासन देऊ नका, परतीच्या वाटेवर भांडण होतं. तिथे जायचं ते झोळंबीच्या सड्यासाठी. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ. झाडीतून गाडी वर येते आणि एकदम मोकळं होतं. खाली वारणेच्या धरणाचं पाणी, वसंत सागर, डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेलं. वारा असा की टोपी हातात धरावी लागते.

वाटेत उठून गेलेली गावं लागतात. मला चांदोलीत सगळ्यात जास्त तेच आठवतं. एका जोत्यावर भिंत एकही उरलेली नव्हती, फक्त तुळशीवृंदावन उभं होतं, कोनाड्यासकट. जुन्या शेतांचं आता गवताळ रान झालंय आणि गवे, सांबरं चरायला तिथेच उतरतात. त्यामुळे जनावर बघायचं असेल तर सड्यावर फोटो काढत बसण्यापेक्षा अशा मोकळ्या तुकड्यांपाशी गाडी बंद करून दहा मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे खरंच गप्प, वेफर्सची पिशवीसुद्धा नको.

दाजीपूर हा राधानगरी अभयारण्याचा भाग. 1958 पासूनचं हे अभयारण्य, 351 चौरस किलोमीटरचं, आणि त्याची ओळखच गव्यांची. जीपचा रस्ता खड्ड्यांचा, लाल धुळीचा. मावशीचे गुडघे लक्षात घेऊन तिला पुढच्या सीटवर बसवायचं, हे मी भावाला दोनदा सांगितलं. आमच्या गाइडने एका वळणावर गाडी थांबवली आणि हळूच म्हणाला, "डावीकडं, कारवीत बघा." मी बघतोय, कारवीची झुडपंच दिसतायत. मग कारवीच्या बुडाशी चार पांढरे मोजे दिसले. ते मोजे गव्याचे पाय होते. वर नजर नेली तेव्हा कुठे एवढं मोठं धूड तिथे उभं असल्याचं कळलं. पूर्ण वाढलेला नर टनभराच्या घरात जातो, पण पान न हलवता उभा राहतो. नंतर कान एकदा फडकला, आणि तो वळून आत गेला. आवाजही झाला नाही.

सावराई सडा दाजीपुरातही आहे, छान आहे, पण झोळंबीपुढे मला तो उन्नीसच वाटतो. शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, दोन्हीकडे दिसू शकतं. झाडाच्या शेंड्यावरून लोंबणारी झुबकेदार शेपटी शोधत राहायचं. दाजीपूरच्या वाटेवर शाहू महाराजांनी हाती घेतलेलं राधानगरी धरण लागतं, तिथे अर्धा तास द्या.

महिन्याचाही फरक पडतो. पावसाळ्यात दोन्ही बंद. पाऊस संपून उघडली की नोव्हेंबरपर्यंत हवा धुतल्यासारखी असते, सड्यावरून लांबचं दिसतं, तेव्हा चांदोली. एप्रिल-मेमध्ये धूसर असतं, पण जनावरं पाणवठ्यांवर येतात, तेव्हा दाजीपूर. वार आणि वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी वनखात्याकडे फोन करून खात्री करा. राहण्या-जेवण्याची सोय राधानगरीकडे बरी आहे, चांदोलीत शिराळ्यानंतर फार काही मिळेल असं धरून चालू नका.

वयस्कर माणसं आणि लहान पोरं असतील तर माझं मत दाजीपूर, महिना कुठलाही असो. चार मित्र असाल, कॅमेरा असेल आणि जनावर नाही दिसलं तरी कुणी तोंड पाडणार नसेल, तर चांदोली.

भावाने दाजीपूर ठरवलं. काल मावशीचा फोन, कडक भाकरी आणि शेंगाचटणी जंगलात नेता येईल का म्हणून. मी म्हटलं, "ने, पण डबा गेटच्या बाहेर उघड, आणि कागद परत सोलापूरला आण."